पाणंदीचा शेवटचा चढ: एका कुटुंबाने ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी कशी निवडली

पार्श्वभूमी

आंबोली घाटाच्या पायथ्याकडच्या एका गावातलं हे कुटुंब. ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि माणसांची नावं देत नाही. घरात पाच माणसं: डॉक्टर, त्यांचे यजमान, आजी आणि दोन शाळकरी मुलं. डॉक्टरांचा दवाखाना बाजारपेठेत आहे. यजमान काजूची बाग आणि थोडी आंब्याची कलमं बघतात. डॉक्टरांना रात्री-अपरात्री वाड्यांवरून बोलावणं येतं, आणि त्या जातात. आजूबाजूच्या चार-पाच वाड्यांना तेवढाच आधार आहे.

घर डांबरी रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत. मध्ये पाणंद, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे. निम्म्यावर व्हाळ, म्हणजे ओढा, आडवा येतो, व्हाळावर मोरी आहे. मोरी ओलांडली की लगेच चढ सुरू होतो, आणि चढाच्या मध्यावर डावीकडे वळण. एप्रिलमध्ये या वाटेने कुठलीही गाडी वर जाते. जूनमध्ये चित्र बदलतं. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पायथ्याला तेवढा नाही, पण चार महिने लाल माती सुकायचं नाव घेत नाही आणि उघड्या जांभ्यावर शेवाळ चढतं.

गाडी होती दहा वर्षांची, पुढची चाकं ओढणारी एक छोटी हॅचबॅक. बाकी कुठल्याच बाबतीत तिच्याबद्दल तक्रार नव्हती.

अडचण

२०२३च्या पावसाळ्यात डॉक्टर घरी येताना रोज मोरीजवळ गाडी वळवायच्या आणि चढ रिव्हर्समध्ये चढायच्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर ही युक्ती बऱ्याच जणांना ठाऊक आहे, आणि तिच्यामागे पक्कं कारण आहे. चढावर गाडीचं वजन मागच्या बाजूला सरकतं. पुढची चाकं हलकी होतात, आणि नेमकी तीच चाकं गाडी ओढत असतात. मग ती जागच्या जागी फिरतात, माती उडवतात आणि स्वतःसाठी खड्डा करतात. गाडी उलटी घातली की ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात, वजन त्यांच्यावर पडतं आणि पकड मिळते.

दिवसा हे जमायचं. रात्री मागच्या काचेवर पावसाच्या धारा, रिव्हर्सच्या दिव्याचा मिणमिणता उजेड आणि डाव्या आरशात अंदाजाने दिसणारा गडगा. ऑगस्टमध्ये एका रात्री व्हिजिटहून परतताना वळणावर मागचं चाक गटारात गेलं. डॉक्टर गाडी तिथेच सोडून चालत घरी आल्या. तासाभरात दुसरा फोन आला, श्वास लागलेल्या एका वृद्धाचा. यजमानांनी दुचाकीवरून त्यांना डांबरीपर्यंत सोडलं आणि तिथून शेजाऱ्यांच्या रिक्षाने त्या पुढे गेल्या. रुग्ण वाचला. पण गाडी बदलायची हे त्या रात्री ठरलं.

प्रश्न नेमका काय होता

पहिले दोन महिने ‘कुठली एसयूव्ही चांगली’ एवढंच बोलणं चाललं होतं. शेजारचे एक काका ठामपणे म्हणाले, “एसयूव्ही आसा ती, चढतली.” गैरसमज इथेच आहे आणि तो फार पसरलेला आहे. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींची फक्त पुढची चाकं ओढतात. उंची जास्त, चाकं मोठी, पण ओल्या चढावर त्यांची गत हॅचबॅकसारखीच. क्रेटा, सेल्टोस यांत आपल्या बाजारात चारही चाकं ओढणारा प्रकार नव्हताच. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेल्या) प्रकारातही तो नाही, आणि मायलेज बघून लोक तीच गाडी आधी विचारतात.

मी या चर्चेत आलो तेव्हा सगळ्यात आधी वाट मोजायला सांगितली. यजमानांनी ते काम मन लावून केलं. सगळ्यात अरुंद जागी दोन गडग्यांमधलं अंतर भरलं २ मीटर ३० सेंटिमीटर. मग दोन चाकोऱ्यांच्या मधला गवताचा उंचवटा. २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स असं कंपनी सांगते, तेव्हा तो आकडा सहसा मोकळ्या गाडीचा असतो. माणसं आणि सामान भरलं की गाडी बसते. म्हणून त्यांनी १८ सेंटिमीटरची बांबूची काठी कापली, तिला तळाशी आडवी पट्टी ठोकली आणि चाकोरीत ती उभी धरून मधला उंचवटा तिच्या वर जातो का ते पाहत पूर्ण वाट चालले. दोन ठिकाणी उंचवटा वर आला. तो कुदळीने छाटला. एका सकाळचं काम, खर्च शून्य. गाडी कुठलीही घेतली असती तरी हे करावंच लागलं असतं.

मालक काय सांगत होते

कुटुंबाने ओळखीपाळखीतून पाच मालक गाठले. मतं ऐकून सुरुवातीला गोंधळ वाढला, कारण प्रत्येक जण खरं बोलत होता आणि तरीही एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

पुण्यातल्या एका ग्रँड विटारा ऑलग्रिपवाल्यांचं (ऑलग्रिप म्हणजे तिचा चारही चाकं ओढणारा प्रकार) म्हणणं स्पष्ट होतं: पैसे जास्त गेले, उपयोग झाला नाही. २०२२मध्ये गाडी बाजारात आली तेव्हाच्या किमतींत तिचा अल्फा मॅन्युअल प्रकार १५.३९ लाखांना होता आणि तीच गाडी ऑल-व्हील-ड्राइव्हसह १६.८९ लाखांना. दीड लाख देऊन मागची चाकं कामाला लावणारं लॉकचं बटण त्यांनी जवळपास वापरलंच नव्हतं. वर, पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना १०३ पीएसचं इंजिन कमी पडतं, सारखा गिअर खाली घ्यावा लागतो, ही तक्रार.

कोल्हापूरच्या एका मारुती जिम्नीवाल्या तरुणाला बाकी सगळ्या गाड्या खेळण्यातल्या वाटत होत्या. त्याची बाजूही भक्कम होती. शिडीसारखी चासी, लो-रेंजचा (कमी वेगात जास्त जोर देणारा) वेगळा गिअर, १,६४५ मिलिमीटर रुंदी, वजन १,२०० किलोच्या आसपास. मात्र तो एकटा फिरतो, आणि मागची सीट बहुतेक वेळा पाडून ठेवतो.

गोव्यात सत्तरी भागात बागायत असलेल्या एका गृहस्थांकडे जुनी रेनो डस्टर एडब्ल्यूडी (म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह) होती, डिझेल. ती गाडी भारतात २०१४ साली आली आणि प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू होताना २०२०मध्ये तिचं डिझेल इंजिन बंद झालं. तिचा पहिला गिअर मुद्दाम फार आखूड ठेवलेला आहे, त्यामुळे ती चढावर माणसाच्या चालीने, क्लच न जाळता चढते. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. पण त्याच दमात त्यांनी बजावलं, की मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) काम निघालं तर ते जाणणारा मेस्त्री शोधावा लागतो आणि सुट्या भागांसाठी थांबावं लागतं.

कुल्लू भागातल्या एका हॉटेलमालकांचा अनुभव बर्फाचा. त्यांचा मुद्दा डॉक्टरांनी वहीत लिहून ठेवला: त्यांच्याकडे खड्ड्यात गेलेल्या चारचाकी ओढीच्या गाड्या बहुतेक उतारावर गेलेल्या असतात, चढावर नाही.

पाचवे चिपळूणजवळचे बागायतदार, हायरायडर एडब्ल्यूडीचे मालक. त्यांची वाट जवळजवळ तशीच: लाल माती, गडगा, शेवटचा चढ. त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. लॉक मोड चढाच्या आधी लावायचा, अडकल्यावर नाही.

इथे पहिलं निर्णयाचं वळण आलं. पाच मतांची सरासरी काढायची, की वजन करायचं? डॉक्टरांनी प्रत्येकाला पुन्हा फोन करून एकच प्रश्न विचारला: तुमच्या घरापर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर कसा आहे? पुण्यातल्या मालकांचं उत्तर होतं, सोसायटीचा काँक्रीट रॅम्प. त्यांचं मत चुकीचं ठरत नाही. ते त्यांच्या रॅम्पपुरतं शंभर टक्के खरं आहे. इंजिनाबद्दलची त्यांची तक्रार मात्र सगळ्यांना लागू होती, कारण घाट सगळ्यांनाच चढायचा असतो. ती ठेवली. चिपळूणकरांचं मत सगळ्यात वर गेलं आणि कुल्लूवाल्यांचा उताराचा इशारा त्याच्या शेजारी. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत कामाचं पाऊल हेच होतं.

तोललेले पर्याय

जुनीच गाडी ठेवून चांगले टायर घालायचे, हा पर्याय यजमानांनी मांडला होता. नव्या, खोल नक्षीच्या टायरांनी फरक नक्की पडला असता. पण वजन मागे सरकण्याचं मूळ दुखणं तसंच राहिलं असतं, आणि डॉक्टरांना रात्रीचा रिव्हर्स बंद करायचा होता.

जीप कंपास फोर-बाय-फोर बजेटच्या बाहेर होती. महिंद्राच्या थार रॉक्सची घोषणा १५ ऑगस्ट २०२४ला झाली आणि यजमान थोडे डळमळले. पण तिची रुंदी आणि पाणंदीतलं वळण यांचं गणित कागदावरच बसेना. जुनी डस्टर घेण्याचा विचार आठवडाभर टिकला. चांगल्या राखलेल्या एडब्ल्यूडी डस्टर बाजारात विरळा येतात, आणि ज्या गाडीवर रात्रीची व्हिजिट अवलंबून आहे ती गॅरेजमध्ये सुट्या भागासाठी थांबलेली परवडणार नव्हती.

उरल्या दोन. एका बाजूला जिम्नी, दुसऱ्या बाजूला ग्रँड विटारा आणि तिची जुळी बहीण हायरायडर. या दोन्ही जुळ्या बंगळूरजवळ बिडदीच्या टोयोटाच्या कारखान्यात बनतात आणि चारचाकी ओढीची यंत्रणा सारखीच.

दोन्ही बाजूंची यंत्रणा मुळातच निराळी आहे, आणि घेणाऱ्याने ती समजून घ्यायलाच हवी. जिम्नीत चालक लिव्हर ओढून पुढची-मागची चाकं जोडतो. जोडली की ती एकाच वेगाने फिरतात. म्हणून कोरड्या डांबरीवर ती जोडून वळणं घ्यायची नसतात, यंत्रणेवर ताण येतो. चिखलात मात्र याच्याइतकं भरवशाचं काही नाही. ग्रँड विटारात संगणक ठरवतो. ऑटो मोडमध्ये ती मुख्यतः पुढच्या चाकांवर चालते. चाक घसरलं की विजेवर चालणारा क्लच मागच्या चाकांना जोर पाठवतो. लॉक मोडमध्ये मागची चाकं आधीपासूनच कामाला लागतात. याशिवाय स्नो आणि स्पोर्ट असे आणखी दोन मोड. यात लो-रेंज नाही, आणि अशा प्रकारचा क्लच चिखलात फार वेळ रगडला तर तापतो आणि काही काळ मागची ओढ सुटू शकते. सावंतवाडीहून आंबोली चढताना एक वळण ओलं, पुढचं कोरडं, मग धुकं, असं चालतं. तिथे स्वतः ठरवणारी यंत्रणा सोयीची. पाणंदीत जोडलेली यंत्रणा सरस.

पाडव्याला गाडी न घेण्याचा निर्णय

२०२४चा गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. शोरूमकडून सवलतीचे फोन सुरू झाले होते, आजींनाही मुहूर्त साधायचा होता. शोरूममध्ये चालवून बघायला जी गाडी होती ती दोनचाकी ओढीची. चारचाकी ओढीची डेमो गाडी जिल्ह्यात मिळालीच नाही. “चालवायला सारखीच आहे,” असं विक्रेत्याने सांगितलं, आणि डांबरीवर ते खरंही असेल.

कोरड्या पाणंदीत एप्रिलमध्ये गाडी चालवून काहीच कळणार नव्हतं. डॉक्टरांनी आजींना समजावलं, पैसे बाजूला ठेवले आणि आणखी एक पावसाळा जुन्या गाडीवर काढायचं ठरवलं. हे सोपं नव्हतं. चार महिने रात्रीचा धोका तसाच राहणार होता. त्यावर तोडगा काढला तो असा: जून ते सप्टेंबर गाडी डांबरीलगत शेजाऱ्यांच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, उभी करायची आणि घरापर्यंत चालत जायचं, हातात विजेरी आणि काठी. गैरसोय झाली, पण घसरणं थांबलं.

पावसातली चाचणी

जुलैमध्ये चिपळूणचे बागायतदार एका लग्नकार्याच्या निमित्ताने सिंधुदुर्गात आले आणि वाट वाकडी करून गाडी घेऊन घरी आले. कोणाच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा हे लाखमोलाचं होतं. आदल्या रात्रभर पाऊस पडलेला.

पहिल्यांदा ऑटो मोडमध्ये. मोरी ओलांडली, चढ सुरू झाला, वळणाच्या अलीकडे पुढची चाकं फिरली, क्षणभर गाडी अडखळली, मागून जोर आला आणि ती पुढे सरकली. पण तेवढ्या अडखळण्यात वेग गेला आणि वळणावर ती थांबली. खाली येऊन दुसऱ्यांदा लॉक मोडमध्ये, पहिल्या गिअरमध्ये, एक्सीलरेटर एकसारखा ठेवून. या वेळी वळण पार झालं, आणि बागायतदारांनी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गाडी लावून मागचं टायर दाखवलं. नक्षीच्या खाचा मातीने पूर्ण भरल्या होत्या, रबर गुळगुळीत दिसत होतं. “आता हीच गाडी लगेच पुन्हा वर घातली तर मला खात्री नाही,” असं ते म्हणाले. मालकाने आपल्याच गाडीची मर्यादा दाखवून दिली, यामुळे त्यांच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसला.

मग उतार. हिल डिसेंट कंट्रोल लावून गाडी चाकांना आळीपाळीने ब्रेक लावत सावकाश उतरली. तरीही वळणावर मागचा भाग वीतभर सरकला. चारही चाकं ओढतात याचा थांबण्याशी संबंध नाही. थांबायला प्रत्येक गाडीला चारच टायर आणि तीच माती असते. कुल्लूवाल्यांचा मुद्दा सगळ्यांसमोर सिद्ध झाला.

पुढच्या आठवड्यात कोल्हापूरचा तरुण जिम्नी घेऊन आला. ती वर गेली, आणि चढ तिला जाणवलाही नाही. लो-रेंज लागलाच नाही. यजमानांचा जीव तिच्यावर बसला. आजींना मागच्या सीटवर बसवून बघितलं, तेव्हा एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने मुलाचा खांदा धरून त्या कशाबशा चढल्या. उतरल्यावर म्हणाल्या, “माका हेच्यात चढूक जमाचा नाय.” त्यांचे दोन्ही गुडघे धरलेले आहेत. शिवाय जिम्नी चार जणांची, घर पाचांचं.

निवड

घरात खरा वाद इथे झाला. यजमानांचं म्हणणं: गाडी रोज वापरणार डॉक्टर, त्याही एकट्या, पाचही जण एकत्र महिन्यातून एखाद्या वेळी जातात, मग रोजच्या गरजेला सर्वांत योग्य गाडी सोडून कधीतरीच्या गरजेसाठी का घ्यायची? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. डॉक्टरांचं उत्तर असं होतं, की आजींना तपासणीसाठी गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात न्यावं लागतं, आणि त्या दिवशी गाडीत बसणं आजींना जमलं नाही तर बाकी सगळं असून उपयोग नाही. चढ पार करण्यापुरती ग्रँड विटारा पुरेशी आहे हे पावसात पाहिलं होतं. जिम्नीची जास्तीची ताकद लागणार नव्हती.

डॉक्टरांना ऑटोमॅटिक हवी होती. त्या वेळी या जुळ्यांत चारचाकी ओढ फक्त मॅन्युअलमध्ये मिळत होती. त्यांनी ते मान्य केलं. हायरायडर की ग्रँड विटारा हे सर्व्हिस सेंटर कुठलं जवळ यावर ठरलं. २०२४च्या दसऱ्याला ग्रँड विटारा दारात आली, खरं तर खळ्यात.

पहिला पावसाळा

२०२५मध्ये मान्सून २५ मे रोजीच सिंधुदुर्गात दाखल झाला, वाट नीट करायला वेळच मिळाला नाही. तरी जून आणि जुलै डॉक्टर रोज वर आल्या, तोंड पुढे करून. मोरीवर गाडी थांबवायची, लॉक लावायचा, पहिला गिअर, मग एका दमात. चिखल जास्त असेल तेव्हा ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा) बंद करायचं हेही त्यांनी शिकून घेतलं; नाहीतर चाक फिरताच यंत्रणा इंजिनाचा जोर कापते आणि चढ अर्ध्यावर राहतो. वर पोचल्यावर ते आठवणीने चालू करायचं.

पुण्याच्या मालकांची तक्रारही खरी निघाली. आंबोली चढताना गाडी भरलेली असली की इंजिन ओरडतं. कंपनीचा दावा लिटरला १९.३८ किलोमीटरचा आहे. या कुटुंबाला घाट, पाणंद आणि छोट्या फेऱ्या धरून १३च्या आसपास मिळतात. जुन्या हॅचबॅकच्या तुलनेत हा खर्च जाणवतो.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी खाली उतरताना वळणावर गाडी सरकली आणि डावं दार गडग्याला घासलं. वेग चालण्याइतकाच होता, इजा कोणाला नाही. पण जे जुलै २०२४मध्ये वीतभर दिसलं होतं, तेच या वेळी हातभर झालं होतं.

रस्त्याचा प्रश्न

चढावर काँक्रीटचे दोन पट्टे घालायचे, हा पर्याय पहिल्यापासून सगळ्यांना सुचत होता. तो यादीत खाली गेला, कारण पाणंदीचा तो भाग सामायिक आहे. सात-बारावर भाऊबंदांची लांबलचक यादी, निम्मे मुंबईत. एकाची हरकत आली तरी काम अडतं. सगळे एकत्र भेटतात ते गणपतीत. २०२४च्या चतुर्थीला विषय काढला, तेव्हा एका चुलत दिरांनी ‘बघू’ म्हणून तो तिथेच थांबवला. उद्या रस्ता पक्का झाला की तो कोणाचा, ही शंका होती, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती.

२०२५ची चतुर्थी २७ ऑगस्टला आली. घासलेलं दार सगळ्यांनी बघितलं. या वेळी डॉक्टरांनी तोंडी विनंती केली नाही. वहिवाट सर्वांची राहील, मालकी बदलत नाही, खर्च हे कुटुंब करील, एवढं तीन ओळींत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. चुलत दिरांनी सही केलीच, वर सुचवलं की पट्टे गुळगुळीत न ठेवता आडव्या खाचा मारा, नाहीतर शेवाळ धरेल. दिवाळीनंतर मोरीपासून वळणाच्या वरपर्यंत पट्टे पडले, खाचांसकट.

वेगळं काय करता आलं असतं

रस्ता आधी झाला असता तर चारचाकी ओढीची गरजच पडली नसती का? या पाणंदीपुरती तरी बहुधा पडली नसती. खाचांचे पट्टे आणि बरे टायर असते तर साधी गाडीही चढली असती. पण डॉक्टर ज्या वाड्यांवर व्हिजिटला जातात तिथल्या वाटा अजून मातीच्याच आहेत, आणि त्या कोणत्याही सहीने पक्क्या होणार नाहीत. ज्यांना फक्त स्वतःच्या घरापर्यंत पोचायचं आहे, त्यांनी मात्र गाडीच्या आधी गवंड्याला विचारावं आणि भाऊबंदांशी लेखी बोलावं, असं माझं ठाम मत आहे. २०२३च्या चतुर्थीलाच कागद केला असता तर दोन पावसाळे वाचले असते.

दुसरी गोष्ट ऑटोमॅटिकची. एप्रिल २०२५मध्ये या दोन्ही जुळ्यांत चारचाकी ओढीसोबत सहा गिअरचा ऑटोमॅटिक आला. पुढे २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी बदलला: या आकाराच्या गाड्यांवर आधी २८ टक्के कर आणि वर अधिभार होता, तो जाऊन सरसकट ४० टक्के आला आणि किमती उतरल्या. वर्षभर थांबले असते तर दोन्ही मिळालं असतं. पण त्यासाठी आणखी एक पावसाळा मांगरातून चालत जावं लागलं असतं. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणतात, नसतं जमलं. मलाही ते पटतं.

एक पर्याय मात्र पुरेसा तोललाच गेला नाही, याची मला हळहळ वाटते. जुनी हॅचबॅक विकून आलेले पैसे फार नव्हते. ती ठेवली असती, पावसाळ्यात डांबरीलगत मांगरात उभी केली असती आणि डॉक्टरांसाठी जिम्नी घेतली असती, तर एकूण खर्च जवळपास तेवढाच झाला असता, कदाचित कमीही. चढाला अधिक भक्कम गाडी मिळाली असती. अडचण आजींची राहिली असती: त्यांना पाणंदीतून डांबरीपर्यंत जिम्नीतच बसावं लागलं असतं. पायरीला लाकडी चौरंग ठेवून ते जमलं असतं की नाही, हे करून बघण्यासारखं होतं. आजींच्या एका वाक्यावर विषय संपला, आणि ते वाक्य त्यांनी पहिल्याच प्रयत्नानंतर उच्चारलं होतं.

सध्याचा मुद्दा टायरांचा आहे. गाडीसोबत आलेले २१५/६० आर १७ मापाचे टायर रस्त्याचे आहेत, चिखलाचे नाहीत. अशा यंत्रणेत चारही टायर सारखे झिजलेले असावे लागतात. दोनच बदलले तर पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा होतो आणि मधला क्लच विनाकारण काम करत राहतो. म्हणजे बदलायचे तर चारही एकदम. यजमानांना येत्या मे महिन्यातच ऑल-टेरेन टायर घालायचे आहेत. डॉक्टरांचं म्हणणं, त्यांनी डांबरीवर आवाज वाढेल, मायलेज आणखी घटेल. आधी एक पावसाळा पट्ट्यांवर काढू, मग ठरवू. तोपर्यंत दर सर्व्हिसला चारही टायरांची जागा आलटून-पालटून घ्यायची आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल वेळेवर बदलायचं, एवढ्यावर दोघांचं एकमत झालं आहे.